कात्रीचं गाणं

मैत्रीनं डोक्यावरची टोपी काढली तेव्हा निकिताच्या हातात चहाचा ट्रे होता. तो खाली पडला नाही, याचं तिला नंतर दिवसभर स्वतःचंच कौतुक वाटत राहिलं.

आदल्या दिवशी विमानतळावरून मैत्री, तिची नणंद, घरी आली ती लोकरीची टोपी घालूनच. मार्च महिना, पुण्यात धायरीला पंखे रात्रभर फिरत होते, तरी प्रज्ञेशनं कुणी न विचारताच सांगून टाकलं होतं, "तिकडे थंडी असते ना, सवय झालीय ताईला." विषुववृत्ताच्या खाली मार्चमध्ये थंडी नसते हे निकिताला शाळेपासून माहीत होतं. पण नणंदेच्या टोपीवरून नवऱ्याशी वाद कोण घालणार? आता त्या टोपीतून बोटभर जाडीच्या, पीळ बसलेल्या बटा सुटल्या आणि मैत्रीच्या पाठीवर पसरल्या. नवरा त्या टोपीची एवढी काळजी का घेत होता ते निकिताला तेव्हा कळलं.

सासरे, चेतनराव, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून भाषणाचे मुद्दे पुटपुटत बाहेरच्या खोलीत आले आणि लेकीकडे बघून थांबले.

"हे काय आहे?"

"केस आहेत, पप्पा."

"याला आपल्यात केस म्हणत नाहीत. जट म्हणतात."

"ड्रेडलॉक्स आहेत पप्पा ते," प्रज्ञेश मध्ये पडला. "रेगे गाणारे ठेवतात. तिकडे एकदम कॉमन आहे."

"म्हणजे तुला माहीत होतं."

प्रज्ञेशनं ट्रेमधला कप उचलला. "यूट्यूबवर बघितलं होतं. मला वाटलं, येताना काढून येईल."

"काढून येईल?" निकिता म्हणाली. "टोप आहे का तो?"

सासऱ्यांसमोर ती असं कधी बोलत नसे. पण आज तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती.

चेतनरावांचे वडील बाबुराव, घरातल्यांचे आबा, यांना जाऊन वर्ष होत होतं. सिंहगड रोडवरचं मंगल कार्यालय ठरवलं होतं. भन्तेजी येणार होते, मूळ गावाहून, मांजरीहून, सगळी भावकी येणार होती, चेतनरावांच्या खात्यातले साहेबलोक येणार होते. स्टेजवर बाबुरावांचा फोटो, त्यांची हलगी आणि काचेच्या पेटीत ती कात्री मांडायची होती. दुसऱ्या घरांत कुलदैवताची गोष्ट सांगतात तशी या घरात त्या कात्रीची सांगत. धम्मदीक्षेनंतरच्या वर्षी मांजरीत सुंदराबाईंच्या डोक्यात जट निघाली. सासू तिला हळद वाहू लागली. आता ही देवीची, हिला जोगवा मागायला पाठवा, अशी बोलणी सुरू झाली. तेव्हा बाबुरावांनी बायकोला भरवस्तीत बसवून ती जट कापली आणि त्यावर गाणं रचलं. त्या गाण्यावर त्यांची गायन पार्टी पन्नास वर्षं चालली. निकिताला ही गोष्ट लग्नाच्या बैठकीतच ऐकवली होती. मुलाचा पगार नंतर सांगितला.

"त्या कात्रीशेजारी तू हे डोक्यावर घेऊन उभी राहणार?" चेतनरावांनी विचारलं.

"मी गाणार आहे, पप्पा. कार्डावर छापलंय तुम्ही."

"कार्डावर सॉफ्टवेअर इंजिनिअर असंही छापलंय."

"नोकरी सोडून मला पाच वर्षं झाली."

"तू सोडलीस. आम्ही नाही सोडलेली."

हे मात्र खरं होतं. कंपनीनं मैत्रीला उरुग्वेला, मोन्तेविदेओला पाठवलं तेव्हा चेतनरावांनी सोसायटीत घरोघरी पेढे वाटले होते. ती नोकरी सोडून बँडमध्ये रॅप करायला लागली, ते त्यांनी एकाही घरात सांगितलं नाही. पाच वर्षं मुलगी 'ऑनसाइट' होती. बँडबरोबर ब्राझीलला गेली की 'क्लायंट मीटिंग', चिलीत तिचं गाणं रेडिओवर गाजलं तेव्हा 'नवीन प्रोजेक्ट'. मंदीत दुसऱ्यांच्या पोरी परत आल्या आणि यांची तिथेच टिकली, म्हणून लोकांनी हेवासुद्धा केला.

"आबांना न्यायची वेळ आली तेव्हा तुझा शो होता," चेतनराव म्हणाले. "आज त्यांच्या नावावर गायला बरी सवड झाली. पार्लर उघडलं की निकिता तुला घेऊन जाईल."

निकिताला कुणी विचारलं नव्हतं. बाळ झाल्यावर तिची टेस्टिंगची नोकरी सुटली तेव्हाही विचारलं नव्हतं, तशी ती गोष्ट नवीन नव्हती. पण नणंदेचा तो काळवंडलेला चेहरा बघून तिला एकदम राग आला, आणि कुणाचा ते तिचं तिलाच कळेना.

"पार्लरवाली याला हात लावायची नाही," ती म्हणाली. "ताई, माझी पांढरी ओढणी देते, डोक्यावरून घट्ट गुंडाळून घ्या. गाऊन होईपर्यंत निभेल."

चेतनराव सुनेकडे बघतच राहिले. या घरात तिची स्वतःची अशी बाजू आजपर्यंत कुणी पाहिली नव्हती.

*

ओढणी फार वेळ निभली नाही.

चेतनराव कार्यालयाच्या दारात पाहुण्यांना "जय भीम, या, पुढे बसा" करत उभे होते. मैत्री स्टेजपुढे मेणबत्त्या लावत होती. ती वाकली आणि ओढणी सुटून खांद्यावर आली. पहिल्या रांगेत गोदाबाई बसली होती, मांजरीच्या भावकीतली, सुंदराबाईंच्याच वयाची. तिनं ते केस बघितले. खुर्चीचा दांडा धरून ती उठली, दोन्ही हातांत एक बट घेऊन तिनं डोळ्यांना लावली आणि मैत्रीच्या पायांवर वाकली.

"गोदाकाकू!" चेतनराव धावले. "काय करताय हे? उठा आधी!"

"आरं, देवीआईची जट हाय ती," म्हातारी म्हणाली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जाणारा होता. "सुंदरीची कापली, ती नातीच्या डोक्यात आली बघ. अशी जात न्हाई ती. म्या तवाच म्हनलं हुतं."

मागे साहेबलोक बसले होते. एकानं खाली मान घालून मोबाइल काढला. दुसरा हसला, अगदी थोडंसं, सभ्यपणे. चेतनरावांना ते हसू ओळखीचं होतं. नोकरीत इतकी वर्षं, केबिनच्या दारावरचं आडनाव वाचून आत येणाऱ्यांचे आवाज बदलताना त्यांनी ऐकले होते. दर वेळी ते मनाशी म्हणत, तुमच्या घरात अजून मुहूर्त बघून फ्रीज आणतात. आमच्या घरात आबांनी तेव्हाच कात्री चालवलीय. त्या एका वाक्यावर ते आयुष्यभर ताठ चालले होते, आणि आज गोदाबाईनं ते सगळ्यांदेखत खोटं पाडलं. त्या क्षणी त्यांना पोटच्या पोरीचा तिरस्कार वाटला. तसा वाटला म्हणून स्वतःची शरमही वाटली, पण तिरस्कार गेला नाही.

प्रज्ञेशनं त्यांना दंडाला धरून भटारखान्याच्या बोळात नेलं.

"पप्पा, पॅनिक नका होऊ. हे आपण फिरवू शकतो. आबांची कात्री आहे. आजी आहे. ताई आहे. स्टेजवर, सगळ्यांसमोर, आजीच्या हातानं, त्याच कात्रीनं! इतक्या वर्षांनी! काय इम्पॅक्ट होईल विचार करा. लोक रडतील."

"आणि ती?"

"ती आर्टिस्ट आहे. भरल्या हॉलमध्ये नाही म्हणायची नाही. गोदाकाकू काय बोलल्या ते संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षातसुद्धा राहणार नाही. मी व्हिडिओ करून घेतो."

कालपर्यंत हाच बहिणीची टोपी सांभाळत होता. कंपनीत टीम कशी हाकत असेल याचा चेतनरावांना अंदाज आला. आपला मुलगा आहे, असं त्यांना अभिमानानं वाटलं नाही, पण वाटलं.

"निकिताला सांगू नकोस," ते म्हणाले.

*

'वधूपक्ष' अशी पाटी लावलेल्या खोलीत सुंदराबाई गादीवर पाय पसरून बसल्या होत्या. मैत्री दार लोटून आत आली आणि त्यांच्या पायांशी बसली.

"गोदी येडी हाय," सुंदराबाई म्हणाल्या. "पयल्यापासून." मग त्यांनी नातीच्या केसांचं वजन हातावर घेऊन पाहिलं. "मान आवघडत न्हाई?"

"सवय झाली."

"मला न्हाई झाली."

मैत्रीला खूप सांगायचं होतं. मोन्तेविदेओत पहिल्या वर्षी रविवार जाता जात नसे. अशाच एका रविवारी काळ्या लोकांच्या वस्तीत तिला भर रस्त्यात जाळ पेटलेला दिसला आणि जाळाभोवती ढोल कलते करून ठेवलेले. लोक ढोलांची कातडी शेकत होते. आबांची हलगी लहानपणी तिनंच शेकली होती. कातडं जाळापासून किती लांब धरायचं, टिचकी मारली की कसा आवाज आला पाहिजे, हे तिच्या हाताला ठाऊक होतं. एका बाईचा ढोल तिनं न विचारताच हातात घेतला आणि नीट शेकून दिला. ती बाई खदखदून हसली, आणि दर रविवारी मैत्री तिथे जायला लागली. सदाशिव पेठेतल्या क्लासात परीक्षेपुरती घोकलेली स्पॅनिश तिथे शिव्यांसकट तोंडात बसली. त्या बायका रॅप करत. सवाल-जवाब ऐकत वाढलेल्या मुलीला यमकाला यमक जोडायला वेळ लागला नाही. मग एका रेगे बँडनं तिला घेतलं, आणि एक दिवस ऑफिसचं ओळखपत्र परत करून ती बाहेर पडली.

तुझी गोष्ट काय, असं त्या बायकांनी विचारलं होतं. त्यांचे पूर्वज बेड्या घालून आणलेले. त्यांच्यासमोर पगारवाढीची गोष्ट सांगता येत नव्हती. तिनं कात्रीची सांगितली. तेच तिचं पहिलं गाणं झालं, 'ला तिहेरा', म्हणजे कात्री. आबांच्या गाण्यातल्या ओळीच तिनं त्यात स्पॅनिशमध्ये बसवल्या. चिलीतल्या सांतियागोपासून ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रेपर्यंत लोक तिला त्या एका गाण्यानं ओळखत होते. केस तिनं त्यानंतर वाढवले. आजीवर लादलेली जट वेगळी आणि आपण मर्जीनं ठेवलेली वेगळी, हे ती तिकडे स्टेजवर समजावून सांगे आणि लोक टाळ्या वाजवत. आता तिनं ते गाणं मराठीत केलं होतं. आपल्या माणसांनी तिला एकदा तरी गाताना ऐकावं, एवढ्यासाठी ती इतक्या लांबून आली होती.

"ऐक ना, आजी." तिनं मोबाइलवर ते मूळ स्पॅनिश गाणं लावून एक वायर आजीच्या कानात घातली.

सुंदराबाई ऐकू लागल्या. त्यांचं बोट गादीवर ठेका धरायला लागलं.

"वाजवनारा चांगला हाय. ही मानसं काय वरडत्यात?"

"कात्री, कात्री. मागून कोरस धरतात."

"आन् तू काय म्हनतीस?"

"आबांनी तुझ्या डोक्यावरचा अंधार कापला. सगळी वस्ती बघत होती. तू आनंदानं रडलीस..."

"कोन रडलं आनंदानं?"

"तू. आबांच्या गाण्यात आहे ना ते."

सुंदराबाईंनी कानातली वायर काढली आणि गादीवर ठेवली.

"म्या लाजंनं रडले," त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी माइक तपासत होतं.

"आदल्या राती म्या तेल लावून ठिवलं हुतं जटंला. सकाळी न्हानीमागं बसून माझी मीच काढनार हुते. तसं तुझ्या आज्याला सांगितलं. त्यो म्हनला, थांब, ऐतवार येऊ दे, मानसं जमू दे. आन् ऐतवारी भरल्या वस्तीत, सासऱ्याम्होरं, माझ्या डोक्यावरचा पदर वढला त्यानं. सोळा वर्साची हुते म्या. त्यो गात हुता, मानसं टाळ्या पिटत हुती, आन् म्या मान खाली घालून रडत हुते. त्याला वाटलं, आनंद झाला बाईला. घातलं गान्यात."

"तू कधी सांगितलं नाहीस."

"पन्नास वर्सं त्याच गान्याला मागनं कोरस धरला म्या. मधी सांगायला जागा कुठं हुती?"

"मला माहीत असतं तर मी..."

"इचारलंस का? फोन तर लई करायचीस. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का. हे न्हाई इचारलं कधी. तुझ्या आज्यानं एका वस्तीत पदर वढला. तू त्यो मुलखामुलखात वढलास की गं."

त्या रागावून बोलल्या नव्हत्या, म्हणून ते जास्त लागलं. मैत्रीनं आजीचा हात धरायला आपला हात पुढे केला. सुंदराबाईंनी चष्मा पुसायला घेतला होता.

*

त्रिशरण-पंचशील झालं, भन्तेजींची धम्मदेसना झाली, साहेबांची भाषणं झाली. मग चेतनरावांनी कात्रीची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली; त्यांचा आवाज बाबुरावांवर गेला होता. निकिता खालच्या रांगेत व्हिडिओ कॅमेरा घेऊन उभी होती. "फक्त आजीवर फोकस ठेव," एवढंच नवऱ्यानं सांगितलं होतं.

प्रज्ञेशनं माइक घेतला.

"आबांनी जे पाऊल टाकलं, ते आज पुन्हा टाकलं जाणार आहे. त्यांची नात, परदेशात राहूनही परंपरेच्या या ओझ्याखाली दबलेली आमची ताई, आज त्याच कात्रीनं मुक्त होणार आहे. आणि ती कात्री चालवणार आहे आमची आजी!"

टाळ्या सुरू झाल्या. गाण्यासाठी स्टेजवर आलेली मैत्री मधोमध ठेवलेली खुर्ची बघून जागीच थांबली. बाबुरावांचे जुने हलगीवाले नागोराव शेकलेली हलगी मांडीवर घेऊन तिच्या खुणेची वाट बघत होते. चेतनराव काचेची पेटी उघडून कात्री आईच्या हातात देत होते. निकिताला आता कळलं. तिनं कॅमेरा खाली केला.

"निकिता, शूट कर," प्रज्ञेश माइक झाकून म्हणाला.

"तुझा तू कर."

मैत्रीनं वडिलांकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत दरारा नव्हता, चक्क विनवणी होती, आणि ती तिला सकाळच्या बोलण्यापेक्षा अवघड वाटली. ती नाही म्हणाली तर हा माणूस उद्या खात्यात मान वर करून चालणार नव्हता. टाळ्या वाढत गेल्या. ती खुर्चीवर बसली.

सुंदराबाई तिच्यामागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात वर केला. टाळ्या थांबेपर्यंत तो खाली घेतला नाही. प्रज्ञेशनं उत्साहानं माइक त्यांच्या तोंडाशी धरला.

"मैत्री," भात वाढू का विचारावं तसं त्यांनी विचारलं, "कापू का?"

अख्खा हॉल ऐकत होता.

"नको," मैत्री म्हणाली.

"बरं."

सुंदराबाईंनी कात्री मिटली आणि कमरेला खोचली. मग मुलाकडे वळल्या.

"बघ चेतन. इचारायला एवढाच येळ लागतो."

माइक तोंडाशीच होता, त्यामुळे ते मांडवात जेवणाची पानं मांडणाऱ्यांनाही ऐकू गेलं. चेतनरावांनी रिकामी काचेची पेटी बंद केली, नीट, कडी लावून. गोदाबाईनं हात जोडले. कुणाला ते तिलाच माहीत.

"आता... आता ताई गाणं सादर करतील," प्रज्ञेश घाईघाईनं म्हणाला आणि माइक बहिणीच्या हातात कोंबला. नागोरावांनी हलगीवर टिचकी मारून बघितली. आवाज खणखणीत आला.

मैत्री उभी राहिली. समोर मांजरी होती, धायरी होती, तिला कडेवर खेळवलेली माणसं होती. इतक्या शहरांत गायली, पण यांच्यापुढे पहिल्यांदाच. मराठी ओळी जिभेवर होत्या. तिला वाटलं, आजीनं आता माझी बाजू घेतलीय. नाही म्हणायची नाही.

"आजी," तिनं माइकमधूनच विचारलं, "कात्रीचं गाणं म्हणू का?"

सुंदराबाईंना विचार करावा लागला नाही.

"नको," त्या म्हणाल्या.

नागोरावांनी हलगी मांडीवरून खाली ठेवली. कुणीतरी जेवून घ्या म्हणालं आणि खुर्च्या सरकू लागल्या.

हात धुवायच्या नळापाशी निकितानं तिला गाठलं. "ताई, दुसरं एखादं म्हणायचं होतंत. बाकीची गाणी आहेत ना तुमची?"

"आहेत की."

"मग?"

"पुढच्या महिन्यात सांतियागोला मोठा शो आहे. मला बोलावलंय ते या एका गाण्यासाठी." मैत्रीनं नळ बंद केला. "निकिता, तिकडे कोण ऐकतंय? म्हटलं तर आजीला कळणार आहे का?"

मांडवात सुंदराबाई गोदाबाईशेजारी बसून खीर खात होत्या, पन्नास वर्षं काचेत राहिलेली कात्री मांडीशी ठेवून. त्यांनी नातीला हाक मारून आपल्या बाजूची खुर्ची दाखवली. मैत्री जाऊन बसली, पान वाढून घेतलं, आणि जेवण होईपर्यंत दोघींपैकी कुणीही काही विचारलं नाही.